घसा बसलेला माणूस

खुटवड हे आडनाव ऐकलं की डोळ्यांपुढे झुबकेदार मिशांचा, खांद्यावर घोंगडी टाकलेला, बैलाला शिव्या घालत उठवणारा माणूस उभा राहतो. आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे अनंत खुटवड सर यातलं काहीच नव्हते. सडसडीत अंग, गुळगुळीत दाढी, परीटघडीचा शर्ट आणि मानेवर कॉलरच्या आत दुमडलेला पांढरा रुमाल. चालताना पाऊल आधी पुढे जायचं आणि कंबर मागून त्याची समजूत काढत यायची. आवाज पातळ, वरच्या पट्टीतला. बोलताना हात गप्प बसायचे नाहीत. नवल वाटलं की तर्जनी हनुवटीला टेकायची आणि तोंडातून ‘अगं बाई’ निघून जायचं, मग समोर मुख्याध्यापक असोत की तपासणीला आलेले साहेब.

आमची शाळा वेल्ह्याच्या बाजूला, गुंजवणीच्या खोऱ्यात. मी भोरहून जायचे. सकाळची एसटी, चेलाडीला उतरायचं, पुढे वडापच्या जीपमध्ये कोंबून बसायचं. सर त्याच खोऱ्यातले. त्यांचं जुनं घर आणि भाताची निम्मी खाचरं धरणात गेलेली. वर डोंगराच्या अंगाला नवी वस्ती झाली तिथं ते राहायचे.

स्टाफरूममध्ये खिडकीकडे पुरुष आणि दाराकडे आम्ही तिघी बायका, अशी बसायची रीत होती. सर आमच्यात बसायचे. मी रुजू झाले तेव्हा ही वाटणी झालेलीच होती. कोणी ठरवली, विचारायची सोय नव्हती. खिडकीकडून मोरे सर, म्हणजे आमचे पीटीचे शिक्षक, अधूनमधून हाक द्यायचे, “खुटवडबाई, आज भाजी कुठली?” सर डबा उघडून शांतपणे सांगायचे, “जवळा आणि कांदा. देऊ का?” मोरे सर घ्यायचेसुद्धा. पोळीत जवळा गुंडाळून खायचे आणि खात खात दुसरा विनोद करायचे.

एकदा मी विचारलं, “सर, तुम्ही तिकडे का बसत नाही?”

“बसलो होतो ना सुरुवातीला,” ते म्हणाले. “तिकडं प्रत्येक जण कुणाला तरी हरवायला बसलेला असतो, बाई. मला हरायचंही नव्हतं नि हरवायचंही नव्हतं. मग उठलो.”

डबा ते स्वतः करायचे. भाकरी त्यांच्या हातची. त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा मी ती करताना पाहिली. परातीवर दोन्ही तळव्यांनी भाकरी फिरवत ते इतिहासावर बोलत होते आणि बाहेर त्यांची बायको, सुमनवहिनी, चिखलात पॉवर टिलर चालवत होत्या. वहिनी रुंद हाडाच्या, घोगऱ्या आवाजाच्या. हातपाय धुऊन आत आल्या आणि पाटावर मांडी ठोकून बसल्या. सरांनी वाढलं.

“लोक हसत्यात आमाला,” वहिनी मला म्हणाल्या. “म्हंत्यात, ह्यांच्या घरात नवरा कोण आन् बायको कोण. म्या म्हंते, काय का असंना. लगीन झाल्यापास्नं ह्या माणसानं माज्यावर हात उचलला न्हाई, का वर तोंड करून बोलला न्हाई. वस्तीतल्या मर्दांच्या बायका बगा तुमी. सकाळी पाठीला हळद लावत बसलेल्या असत्यात.”

सरांनी वहिनींच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

माझ्या नि त्यांच्या वर्गात प्लायवूडची भिंत होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. एका दुपारी ते फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं. वर्गात खसखस पिकली. मला वाटलं, सर नेहमीसारखं ऐकलं न ऐकलं करतील. पण खडू थांबला.

“कोण म्हणालं, विचारत नाही,” सर म्हणाले. “शब्द मात्र फळ्यावर लिहितो.” खडूचा आवाज आला. “बायल्या. अर्थ सांगा.”

एक जण म्हणाला, “बायकांसारका, सर.”

“बायकांसारखा म्हणजे कसा?”

“भित्रा.”

“तुझी आई भित्री आहे का रे?”

“न्हाई सर. आई साप मारती.”

वर्ग हसला. सरही हसले असावेत. मग त्यांनी पुस्तकातलं एक चित्र उघडायला लावलं. कुठल्याशा जुन्या सरदाराचं. त्यात काय काय दिसतं ते त्यांनी मोठ्याने मोजून दाखवलं. कानात मोत्याची बाळी, गळ्यात कंठा, मनगटात सोन्याची कडी, पायघोळ घेरदार अंगरखा, मानेवर रुळणारे केस. “हा इथून वस्तीवरनं गेला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?” त्यांनी विचारलं. “कानात अत्तराचा फाया पण असायचा. याला कुणी बायल्या म्हटलं नाही. तेव्हा पुरुषानं नटायचं, आणि लढायचं. दोन्ही एकाच अंगावर शोभायचं.”

“मंग कवा बदललं, सर?”

“बरंच काही बदलत गेलं. त्यात गोरा साहेब आला. त्यानं या देशातल्या माणसांची वाटणी केली. हे लोक मर्द, ते लोक बायकी. बंगालातले शिकलेले बाबू त्याला उलट प्रश्न विचारायचे, त्यांना बायकी म्हणाला. आपल्याला मर्द म्हणाला. आपण खूश झालो. मर्द म्हटलं की माणूस विचारत नाही, कुठं पाठवताय, कशासाठी पाठवताय. परमुलखातल्या लढाईत जाऊन मरतो. ज्याला मर्द म्हटलं त्याला मरायला पाठवलं, नि ज्याला बायकी म्हटलं त्याला तोंड उघडू दिलं नाही. दोन्हीत फायदा साहेबाचा.”

माझा वर्गही गणित सोडून ऐकत होता. मी त्यांना थांबवलं नाही.

दोन-तीन दिवसांनी त्यातल्या एका मुलाचा बाप शाळेत आला. मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, “आमची पोरं हितं इतिहास शिकाय येत्यात. ह्यो मास्तर त्यास्नी नटायला शिकिवतोय.” मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं आणि पुस्तकाबाहेरचं काही शिकवू नका म्हणून बजावलं. मोरे सरांनी खिडकीकडून विचारलं, “काय खुटवडबाई, बाळी कुठाय?” तेव्हापासून सर पुस्तकातला धडा मुलांकडून वाचून घ्यायचे आणि खाली प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे. मुलांचे गुण वाढले. मुख्याध्यापक म्हणाले, आता कसं रुळावर आलं.

सुमनवहिनींचे भाऊ ज्ञानोबा हे वस्तीचे पुढारी. धरण उशाला असून वस्तीला पाणी नव्हतं. म्हणून ज्ञानोबांनी मोर्चा काढायचं ठरवलं. निवेदन सरांनीच लिहून दिलं आणि धरणग्रस्त म्हणून तेही मोर्चात गेले. सोबत ताटात हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. कचेरीतल्या नव्या साहेबाला भरायच्या, म्हणजे त्याला लाज वाटेल आणि बातमीही होईल, असा बेत. कचेरीत जाऊन बघतात तर नवे साहेब म्हणजे बाई निघाल्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, त्यातल्या दोन बांगड्या उचलून हातात घातल्या आणि म्हणाल्या, “मापाच्या आहेत. बसा, काय काम आहे सांगा.”

एवढी माणसं घोषणा विसरून खुर्च्यांवर बसली. बाईंनी निवेदन वाचलं, बघते म्हणाल्या. मंडळी बाहेर आवारात आली. ताटात बांगड्या उरलेल्याच होत्या. कोणीतरी विचारलं, “आता ह्या कुणाला भरायच्या?”

ज्ञानोबा म्हणाले, “भरा आमच्या दाजींना.”

हे मला आमच्या शाळेच्या क्लार्कने सांगितलं. तो मोर्चात होता. हसून हसून त्याला धड सांगता येत नव्हतं. दोघांनी सरांचे खांदे धरले, एकाने हात धरला. पण हाडं पडली पुरुषाची, बांगडी काही तळव्यावरून चढेना. तरी रेटली. काच फुटून अंगठ्याच्या बुडाशी घुसली.

दुसऱ्या दिवशी सर हाताला फडकं बांधून आले. फळ्यावर डाव्या हाताने तारीख लिहिली. मधल्या सुट्टीत मी त्यांना डबा उघडून दिला. त्यांनी तो न खाता बाजूला सारला आणि ते म्हणाले, “त्या साहेबीणबाईंनी बांगड्या घातल्या तेव्हा सगळे एकदम गप्प झाले, बाई. शिवी त्यांना लागलीच नाही. एवढ्या लांबून वाहून आणलेली शिवी, ती कुणाला तरी लागायलाच पाहिजे होती.”

त्यांचा मुलगा अमोल पाचवी ते सातवी आमच्याच शाळेत होता. त्या तीन वर्षांत त्याचा शर्ट फाटला नाही असा महिना गेला नसेल. बापाची नक्कल कोणी केली की हा मारामारी करायचा, आणि घरी जाऊन बापाशी बोलायचा नाही. आठवीला त्याने स्वतःच हट्ट धरून नसरापूरला वसतिगृहात नाव घालून घेतलं. पुढे डिप्लोमा केला, वरव्याजवळच्या एका कंपनीत लागला, नसरापूरला फ्लॅट घेतला. जिममध्ये जाऊन दंड कमावले. त्याच्याकडे पाहिलं की वाटायचं, बापाचं अंगात उतरलेलं काही राहिलंय का, हे हा रोज आरशात तपासत असेल.

त्याच्यासाठी किकवीचं स्थळ आलं. मुलगी बघायला जाताना सरांनी मलाही सोबत घेतलं. गाडी अमोल चालवत होता, शेजारी ज्ञानोबामामा, मागे सर, वहिनी आणि मी. हायवेला लागल्यावर अमोल आरशात बघत म्हणाला, “अण्णा, तिथं मामा बोलतील. तुम्ही बोलू नका.”

“काहीच नाही?” सरांनी विचारलं.

“काहीच नाही. आणि हात मांडीवर ठेवा.”

“अमल्या,” वहिनी म्हणाल्या, “बाप हाय त्यो तुजा.”

“म्हणूनच सांगतोय ना, आई. एकदा लग्न होऊ दे.”

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बरं.”

किकवीची मंडळी साधी, चांगली होती. पोहे झाले, चहा झाला. सर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मुलीचे आजोबा त्यांच्याजवळ सरकले आणि मोठ्या आदराने म्हणाले, “पावणं, तुमी गुरुजी हाय म्हनं. काय शिकिवता?”

सरांनी तोंड उघडलं. ज्ञानोबा मधेच म्हणाले, “दाजींचा घसा बसलाय. आवाजच फुटत न्हाई.”

म्हातारे कळवळले. “गुरुजींचा घसा म्हंजे पोटाचं साधन की वो,” असं म्हणून त्यांनी आत हाक दिली. पूजाने, म्हणजे ज्या मुलीला बघायला आलो होतो तिने, गरम पाण्यात मीठ घालून आणलं. नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. सर पेला घेऊन मोरीवर गेले आणि सगळे पाहुणे गप्प बसलेले असताना त्यांनी गुळण्या केल्या. घशातली ती खळखळ घरभर ऐकू येत होती. अमोल जमिनीकडे बघत होता. वहिनी सरळ ज्ञानोबांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांनी नजर काढली नाही.

लग्न ठरलं. साखरपुड्यालाही घसा बसलेला होता. लग्नात फेटा बांधून, गळाबंद कोट घालून सर उभे होते आणि येईल त्याला हात जोडत होते. तोपर्यंत व्याह्यांना सांगून झालं होतं की घशाचा जुना आजार आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. एकदा सांगितलेलं पुढे निभावणं आलं. सून सणावाराला वस्तीवर आली की सर गप्प. पूजा बिचारी त्यांच्यासाठी ज्येष्ठमध आणायची, हळदीचं दूध करून द्यायची. ते ते प्यायचे.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला अमोलची सासरची माणसं आवर्जून आली, पहिल्या रांगेत बसली. मोरे सरांनी भाषणात खुटवड सरांच्या शांत स्वभावाची तारीफ केली. सत्काराला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा सर माईकपाशी गेले. मागच्या बाजूला जुने विद्यार्थी उभे होते, बाप्ये झालेले. त्यांतल्या एकाने ओरडून सांगितलं, “सर, बोला की. तुमचा आवाज ऐकायचाय.” कोणी हसलं नाही. त्याला खरंच ऐकायचा होता. सरांनी हात जोडले, मान लववली आणि खाली येऊन बसले.

नंतर मी त्यांना गाठलं. “सर, हे किती दिवस चालवणार?”

ते माझ्याशी कुजबुजत बोलले. तोवर त्यांना सगळ्यांशीच तशी सवय लागली होती. “कुजबुजीला बायकी-पुरुषी काही नसतं, बाई. सगळ्यांची सारखी. हे आधी सुचायला हवं होतं.”

“आणि वहिनी काय म्हणतात?”

“ती माझ्याशी भांडते. म्हणते, पोरानं मुकं केलं आणि तू झालास. मी म्हणतो, पोरगा सुखात आहे ना.” थोडं थांबून म्हणाले, “तो लहानपणी माझ्यापायी मार खायचा. मला माहीत होतं. मी काही करू शकत नव्हतो. आता एवढंच एक त्याच्यासाठी करता येतंय, तर करतो.”

वहिनी गेल्या त्या यानंतर काही वर्षांनी, अचानक. छातीत दुखतंय म्हणून पुण्याला नेलं आणि तिथून परत आणला तो देहच. मी सकाळी वस्तीवर पोचले तेव्हा अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष बसले होते, ज्ञानोबा फोनवर गाड्यांचं बघत होते, अमोल लाकडांचं विचारत होता. आत बायका होत्या. आणि बायकांच्या मधोमध, वहिनींच्या उशाशी, सर होते.

त्यांनी वहिनींच्या कपाळावरचे केस मागे सारले, पदर नीट केला. मग अंगठ्याने त्यांच्या तळहातावरचे घट्टे चाचपत राहिले. आणि तसंच चाचपताना त्यांचा आवाज फुटला.

कितीतरी वर्षांनी मी तो ऐकत होते. पातळ, उंच, अगदी पूर्वीचा. खोऱ्यातल्या बायका जसा हेल काढून, मेलेल्या माणसाशी बोलत बोलत रडतात, तसे ते रडू लागले.

“सुमे गं... खाचरात आता कोण उतरंल गं... तुज्या आडोशाला व्हतो गं मी... जगाचं समदं तुज्या अंगावर घेतलंस गं... आता मला उघड्यावर टाकलंस गं...”

बायका क्षणभर थबकल्या. मग वहिनींच्या थोरल्या बहिणीने तोच हेल धरला आणि पुढचं बोलली, “लेकरागत भाकरी घालणारा घरधनी मिळाला व्हता गं तुला...” सरांनी त्यावर पुढचं घेतलं. एकीने सोडलं की दुसरी उचलत होती, आणि त्यात सरांचा आवाज असा मिसळून गेला होता की वेगळा काढता येऊ नये. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात हवेत जात होते, छातीवर येत होते, पुन्हा वहिनींच्या तोंडावरून फिरत होते.

दाराशी पूजा उभी होती. ती हळूच माझ्या कानाशी आली. “बाई, अण्णांना बोलता येतं?”

“येतं,” मी म्हटलं.

“मग माझ्याशीच का नाही बोलले कधी?” तिचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. तेवढ्यात अंगणात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पुरुष दारातून आत बघत होते. दोघे-तिघे गालात हसत होते. एकाने मोबाईल वर धरला होता.

अमोल आणि ज्ञानोबा बायकांमधून वाट काढत आत आले.

“अण्णा, बास. बाहेर पाव्हणे बसलेत.”

सरांनी ऐकलं नाही. वर पाहिलंही नाही.

“दाजी, उठा. लोक शूटिंग काढाय लागले.”

“रडू द्या त्यांना,” वहिनींची बहीण म्हणाली. “बायको गेलीय त्यांची.”

“त्यांनी असं रडायचं नसतं, मावशी,” अमोल म्हणाला. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खाली पडू नये म्हणून त्याने जबडा आवळून धरला होता. त्याने बापाला काखेत हात घालून उचललं. इतकं कमावलेलं अंग, त्याला काही जड गेलं नाही. अंगणातून चालवत नेऊन त्याने सरांना गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं, पुढे बसून सगळ्या काचा वर घेतल्या आणि एसी चालू केला.

गाडी एका पोराला चालवायला देऊन अमोलने मडकं धरलं आणि तिरडी उचलली. खांदेकरी पुढे झाले, त्यांच्या मागे पुरुष, आणि सगळ्यांत मागे चालत्या माणसाच्या वेगाने ती गाडी. आमच्याकडे बायका वस्तीच्या कडेपर्यंत जातात आणि तिथून मागे फिरतात. आम्ही कडेला थांबून रस्ता दिला.

गाडी माझ्या अगदी जवळून गेली. काचेपलीकडे सर होते. तोंड पूर्ण उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ शब्दांवर शब्द घडवत होते. मी काचेला हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येणार नाही. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, टायरखाली खडी चुरत होती तेवढंच.